रोज थोडी मागे ओढायची

"याला आंघोळ कोण घालतं?" जळगावच्या डॉक्टरांनी विचारलं.

"मीच. जन्मल्यापासून," मी हौसेने म्हणाले.

तेल लावून पुढची कातडी मागे ओढता का, हा त्यांचा दुसरा प्रश्न. तेही मी अभिमानाने कबूल केलं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "आजी, त्यामुळेच हे झालंय. फायमोसिस."

फायमोसिस म्हणजे मुलाच्या लघवीच्या जागेवरची कातडी घट्ट होऊन मागे न सरकणं. लहानपणी ती चिकटलेलीच असते, वाढत्या वयात आपोआप सुटते. जबरदस्तीने ओढली की बारीक चिरा पडतात, त्यांचे वण होतात, आणि मग ती सुटतच नाही. माझा नातू तेव्हा तीन वर्षांचा होता. लघवीच्या वेळी कातडी फुग्यासारखी फुगायची आणि तो टाचा उंचावून रडायचा. दोनदा ताप येऊन गेला होता. तपासणीत लघवीत जंतू निघाले.

आम्ही असोद्याचे, केळीवाले. गल्लीत बाळ झालं की आंघोळीला मलाच बोलावणं. मुलगा असेल तर तेलाच्या बोटाने रोज थोडी कातडी मागे ओढायची, हे मला आईने शिकवलं. का, ते तिलाही कोणी सांगितलं नसावं. माझी सून प्राजक्ता एकदा म्हणाली होती, "आई, तो कळवळतो. राहू द्या ना."

"माह्ये पोरं काय असेच मोठे झाले का वं?" मी तिला उडवून लावलं. त्यानंतर आंघोळीच्या वेळी ती अंगणात जाऊन उभी राहायची. मी म्हणायचे, नाजूक आहे बिचारी.

माझी मुलगी अमेरिकेत असते. तिला मुलगा झाला तेव्हा दवाखान्यात दुसऱ्याच दिवशी विचारलं, सर्कमसिजन करायचं का? म्हणजे ती कातडी कापून काढायची का. तिच्या अमेरिकन शेजारणीने विचारही न करता सही केली होती, कारण त्यांच्याकडे नवऱ्याचं, सासऱ्याचं, सगळ्यांचंच झालेलं. मुलीची नणंद जर्मनीत असते, तिला मुलगा झाला तेव्हा मात्र कोणी विचारलंसुद्धा नाही. माझ्या जावयाने नको म्हटलं. मी फोनवर हसले, "जन्मल्या जन्मल्या लेकराले कापता? कसे लोकं हाये ते!" मुलीने तेव्हाच सांगितलं, इथले डॉक्टर म्हणतात कातडी ओढायची नाही, वरूनच धुवायची. ते मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

डॉक्टरांनी आधी मलम दिलं. दीड महिना लावलं, पण वण काही सैल होईना. मग त्यांनी तेच ऑपरेशन सांगितलं.

"आपल्यात हे करत नाहीत, डॉक्टरसाहेब."

"आजी, प्रश्न जातीचा नाही, लघवीचा आहे."

तरी मी हट्टाने दोन महिने लांबवलं. लोक काय म्हणतील, पुढे लग्नाच्या वेळी कोणी काही काढलं तर, असलं काहीबाही डोक्यात. तिसऱ्यांदा ताप आला आणि त्याला सलाईन लावावं लागलं. जंतू किडनीपर्यंत पोचले होते. त्याचा तो चिमुकला हात फळीला बांधलेला पाहिला आणि माझी मलाच किळस आली.

ऑपरेशनच्या दिवशी बाकावर शेजारी पहूरची एक आजी बसली होती. तिच्या नातवाचंही तेच होतं. "हमारे यहाँ तो खुशी का काम है. इतवार को दावत है," ती म्हणाली. तुमच्याकडे काय, असं तिने विचारलं तर मी म्हणाले, हर्निया. तिने माझ्या नातवाच्या डोक्यावरून हात फिरवून दुवा दिली. त्या खोट्याची लाज आजही वाटते.

अर्ध्या तासाचं ऑपरेशन, दहा-बारा दिवसांत जखम भरली. आता तो ठणठणीत आहे, डॉक्टरांचे उपकार. पण मी आंघोळीला हाक मारली की तो दोन्ही हातांनी चड्डी धरून ठेवतो. "आजी नको. मम्मी."

तुमच्या घरी मुलगा असेल तर वरूनच धुवा, कातडी मागे ओढू नका. फुगवटा, ताप, रडणं दिसलं तर डॉक्टरांकडे जा आणि ते सांगतील ते ऐका. काढणारे मूर्ख नसतात, न काढणारेही नसतात. मी अमेरिकेतल्यांना हसले आणि पहूरच्या आजीपासून लपवलं.

नातेवाईक भेटायला आले तेव्हा प्रत्येकाने विचारलं, कशाने झालं? मी स्वयंपाकघरात कान देऊन उभी असायचे. "इन्फेक्शन झालं होतं," एवढंच प्राजक्ता सांगायची. तिने आजवर माझं नाव घेतलेलं नाही, आणि म्हणूनच हे मी लिहितेय.