करीच्या दिवसाचं ताक

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीच्या सकाळी, माझा चुलतभाऊ वसंता, त्याचा सालदार शंकर पहिल्या एस.टी.ने कळंबला आला आणि आमच्या दारातच उभा राहिला. चपला काढेना, आत येईना. त्याने तोंड उघडायच्या आधीच मला कळलं. "कमलबाई, काकी गेली... पहाटेच," तो म्हणाला. आणि माझ्या तोंडून निघालं ते असं, "गंज गेला होता का रे तांड्यावर?" बाईचं डोकं फिरलं असंच शंकरला वाटलं असणार. पण त्याने सरळ उत्तर दिलं, "हो. काल सांजीच पुरनाच्या पोया घालून धाडला. आंगात ताप होता, तरी सोता उठून भरला." मग मात्र मी उंबऱ्यावरच बसले.

गंज म्हणजे आमच्याकडचं पातेलं. हा पितळी होता, झाकणासकट, आणि एका बाजूला चेपलेला. त्याची चौकशी मी आधी का केली, हे सांगायचं तर बरंच मागे जावं लागेल. पण एक आधीच सांगून टाकते. माणूस गेलं की आपल्याकडे त्याचा लगेच देवमाणूस होतो. वेणूकाकी देवमाणूस वगैरे नव्हती. तिच्या जिभेला हाड नव्हतं. घाटंजीच्या बाजारात भाजीवाल्या तिला बघून भाव आधीच उतरवत, भांडण नको म्हणून. माझ्या लग्नात तिने माझ्या सासूला सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "पोरगी हट्टी हाय, मांगून मले नाव ठेवजो नोको."

ती माझी सख्खी चुलती. माझी आई गेली तेव्हा मी अगदीच लहान होते. माणूस गेलेल्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भाकरी आणतात, त्याला कडू घास म्हणतात. त्या दिवशी मोठी माणसं एकमेकांना आग्रह करत होती आणि मी भिंतीशी बसले होते. काकी आली, तिने आपल्या वसंताला माझ्यासमोर बसवलं, एकाच ताटात दोघांना वाढलं आणि त्याला म्हणाली, "जेव रे तू. तू जेवशील तं हे बी जेवन." वसंता जेवला, म्हणून मीही जेवले. बाबा मास्तर होते, बदल्यांवर फिरत, त्यामुळे पुढे मी काकीकडेच वाढले.

तेव्हापासून तिने ते घरचं वळणच करून टाकलं. गावात कुठे वाईट झालं की काकी भाकरी थापायला बसायची आणि आम्हा तिघांना हाक यायची. वसंताकडे भाकरीची टोपली, माझ्याकडे वरणाचा गंज, आणि काकीची धाकटी सुशी, तिच्याकडे पळसाच्या पानात मीठ आणि मिरच्या. त्या घरी जाऊन बोलायचं नाही, रडायचं नाही. त्या घरच्या लेकरांसमोर बसायचं आणि त्यांच्यासोबत जेवायचं. "लेकराले लेकरूच जेवू घालते," काकी म्हणायची, "मोठे लोक नुसते डोक्यावरून हात फिरवतेत." मला ते मुळीच आवडत नसे. रडारडीत भाकरी गिळायची म्हणजे काय असतं, ते गिळणाऱ्यालाच माहीत. एकदा मी येत नाही म्हणाले तर, "काहून वं? पायाले मेंदी लावली का?" सुशी मात्र पुढे पळायची. तिला वाटायचं आपण पाहुणे जातोय.

आणखी एक नियम होता, आणि सगळं त्याच्यापाशीच येऊन थांबतं. एरवी कोणाचं भांडं आपल्याकडे आलं तर ते रिकामं परत करत नाहीत. चार दाणे, गुळाचा खडा, काहीतरी घालून देतात. पण दुःखाच्या घरून भांडं रिकामंच परत यायचं, तेही न धुता. ज्याचं माणूस गेलं त्याने भांड्यात काय घालू याचा विचारसुद्धा करू नये, म्हणून. आमच्या गावात हे लहान पोरालाही माहीत होतं. सांगायची गरज पडत नसे, आणि म्हणूनच त्या दिवशी कोणी सांगितलं नाही.

ज्या वर्षी आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्या वर्षीचा श्रावण. नाल्यापलीकडे बंजाऱ्यांचा तांडा होता. त्यांचे आजे-पणजे बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूख फिरायचे. हे मात्र शेतीला लागून स्थिरावले होते. तांड्यावरच्या सोनकीचा नवरा एका रात्रीत गेला. ओकारी झाली आणि गेला, एवढंच कळलं. पटकी, म्हणजे कॉलरा, हा शब्द अजून कोणाच्या तोंडी आला नव्हता. काकी पीठ मळायला बसली तेव्हा शेजारची म्हातारी म्हणाली, "तांड्यावर कायले जातं वं वेणू? थे का आपल्यातले हायत?" काकी मान वर न करता म्हणाली, "त्याईच्या पोट्ट्याईले भूक लागत नाही का मंग?"

गेलो. सोनकी तेव्हा विशी-बाविशीतली असेल. तिचा मुलगा लखू सुशीच्याच वयाचा. सुशी त्याच्यासमोर बसली आणि काय जादू केली कोण जाणे, दोघंही हसत हसत जेवली. आभाळ भरून आलं तसं काकी म्हणाली, "तुमी निंघा, मी इच्याजवळ बसतो घडीभर." आम्ही निघालो तर सोनकी मागून धावत आली. माझ्या हातातला रिकामा गंज तिने घेतला, घरात जाऊन ताक भरून आणला आणि पुन्हा माझ्या हातात दिला. डोळे सुजलेले. भांडं रिकामं पाठवायचं नसतं, एवढंच तिला ठाऊक होतं. ताकात झिऱ्याचं, म्हणजे नाल्याच्या वाळूत खणलेल्या खड्ड्याचं पाणी होतं. वाटेत सुशीने गंज मागितला आणि उभ्या उभ्या पोटभर प्याली. मीही दोन घोट घेतले. वसंताला ताक आवडत नसे.

मला काही झालं नाही... का झालं नाही, हे आजवर मला कोणी सांगू शकलं नाही.

सुशीला दुसऱ्या दिवशी दुपारी सुरू झालं. दिवेलागणीला तिचे डोळे आत गेले. काकांनी गाडी जुंपली, पण नाल्याला पूर आला होता, बैल पाण्यात पाय घालेनात. गाडी परत आली. सकाळपर्यंत तिचा आवाज गेला होता, नुसते ओठ हलत होते. बोटं धुणं धुतल्यासारखी सुरकुतली होती. ती पाणी मागत होती आणि तेव्हा आमच्याकडे समज अशी, की पाणी द्यायचं नाही. काकीने तरी दिलं. दिवस वर येता येता सुशी गेली. मी काकीला ताकाचं सांगितलं, तेव्हा तिने कोनाड्यातला गंज काढला, उरलेलं ताक हुंगलं आणि ते परसात खड्डा करून पुरलं. मग राखेने गंज घासत बसली. किती वेळ घासत होती! काकांनी शेवटी तो तिच्या हातातून ओढून घेतला.

आमची चूल पेटली नाही आणि कोणी आलंही नाही. ज्या काकीने गावातल्या घराघरांत भाकरी पोचवली, तिच्या दारात त्या दिवशी एक माणूस फिरकलं नाही. भीती होती, मी समजू शकते. पण पलीकडल्या ओसरीवरून "तांड्यावर पोरी नेल्या, भोगा आता" हे जे ऐकू आलं, ते समजून घ्यायला मी तयार नाही, आजही नाही.

तिन्हीसांजेला सोनकी आली. पूर ओसरला होता, तरी तिचा घागरा कमरेपर्यंत भिजलेला. डोक्यावर टोपली, टोपलीत ज्वारीच्या भाकरी. तिचा लखूही त्याच सकाळी गेला होता. ते तिने सांगितलं, पण आधी टोपली उतरवली आणि मग. काकी आणि ती, दोघी समोरासमोर बसल्या. सोनकीने विचारलं, "बाई, पोरीनं काय खाल्लं व्हतं?" काका, वसंता, मी, आम्ही तिघेही काकीकडे बघत होतो. काकीने माझ्याकडे एकदा पाहिलं. ते पाहणं मी विसरले नाही. मग म्हणाली, "नाल्याचं पानी पेली वं ते. वाटेनं. मीच पाजलं नाही, म्हून तिनं तथीच ओंजय भरली." सोनकीने मान हलवली. काकीने तिच्या टोपलीतली भाकरी मोडली, आधी आम्हा दोघांना दिली, मग स्वतः खाल्ली.

त्या घरात ते परत कधीच बोललं गेलं नाही. काकीने आम्हाला शपथ घातली नाही, दटावलं नाही. आम्ही चौघं मिळून मुकाट्याने ते सांभाळत राहिलो, जशी कधी टोपली आणि गंज सांभाळून नेत होतो.

पुढल्या पोळ्याला काकीने तोच गंज काढला, पुरणपोळ्या घातल्या आणि तांड्यावर पाठवला. करीच्या दिवशी सोनकी तो घेऊन आली. गंज ताकाने भरलेला होता. काकीने पेला आणला, काठोकाठ भरला आणि सोनकीसमोर उभ्या उभ्या सगळा प्याली. सोनकीने आमच्याकडे बघितलं तर काकी म्हणाली, "पोट्ट्याईले सर्दी हाय." त्यानंतर दर वर्षी हेच. पोळ्याला गंज जायचा, करीला ताक यायचं, काकी पेलाभर प्यायची आणि आम्हाला सर्दी झालेली असायची. माझं लग्न झालं, वसंताचं झालं, काका गेले, पण पेला चुकला नाही. ताक पिऊन झालं की काकी त्या दिवशी जेवत नसे. एकदा मी संतापून म्हणाले, "कायले पेतेस? फेकून दे मागच्या मागं." ती म्हणाली, "ते पाह्यते ना माह्या तोंडाकडे... थेंब ठेवला तं समजन तिले."

या वर्षी करीला मी गावी पोचले तेव्हा काकीला नेऊन झालं होतं. चूल थंड होती. वसंताची बायको लेकरांना घेऊन बसली होती, माझी सात वर्षांची लेक त्यांच्यातच. संध्याकाळी सोनकी आली. केस पिकायला लागलेत आता. डोक्यावर भाकरीची टोपली आणि हातात तो गंज, ताकाने भरलेला. काकीच्या रिकाम्या खाटेसमोर ती "याडीऽ" म्हणून जी बसली... त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. रडून झाल्यावर तिने पदरासारखी ओढणी तोंडावरून ओढली आणि मला जवळ बोलावलं.

"कमलबाई, एक खरं सांगजो. त्या सालचं ताक... तिले मालूम व्हतं का?"

मी विचारलं, "तुले कधी समजलं?"

"लखू बी तेच ताक पेला व्हता. तुमची पोरगी गेली आयकलं, तवाच समजलं. म्हून तं पह्यल्या दिवशी इचारलं मी. ते म्हने नाल्याचं पानी. मले वाटे, मले बरं वाटावं म्हून म्हनली काय? मंग दर साली ताक आनत व्हती मी. मनलं, मालूम असन तं तोंडाले नाही लावनार. कोन्ती माय लावन? ते पेली का मले साल निंघून जाय."

काकी असती तर खोटं बोलली असती, अगदी सहज, पेला भरता भरता. मला ते जमत नाही. तो माझा गुण नव्हे, स्वभाव आहे. "मालूम होतं," मी म्हणाले, "पहिल्या दिवसापासून."

तिने गंजावरचं झाकण सरळ केलं. मग हळूच म्हणाली, "तरी पेत व्हती?"

"तरी."

सोनकीने कपाळ खाटेच्या पायाला टेकलं. रडली नाही. मी पेला आणला, ताक ओतलं आणि प्याले. इतक्या वर्षांनी तेच ताक, तसंच आंबट. घशाखाली जाताना मला सुशीचं तोंड दिसत होतं, ओठावर ताकाची पांढरी रेघ असलेलं. काकीला दर वर्षी तेच दिसत असणार, आणि ती काठोकाठ भरून घ्यायची. काकी काय करत होती, ते मला त्या एका पेल्यात कळलं, आणि ते तिला सांगावं तर आता ती नव्हती.

हे छापायला देऊ का, म्हणून मी सोनकीला विचारलं. "दे," ती म्हणाली, "माह्या दिराचा नातू शाळंत जाऊन राह्यला, त्याले वाचाले लावन." निघताना तिने माझ्या लेकीच्या गालावरून हात फिरवला. "पुढच्या पोळ्याले इले घेऊन येजो तांड्यावर. तूच गंज आनजो आता."

गंज मी कळंबला घेऊन आले. स्वयंपाकघरात फळीवर आहे, चेपलेली बाजू भिंतीकडे करून. परवा आमच्या गल्लीत एक म्हातारे गृहस्थ गेले तेव्हा त्यातून वरण नेलं. लेकीकडे मिठाची पुडी दिली होती. ती पुढे पळत गेली आणि मला तिला हाक मारून थांबवावंसं वाटलं, पण मारली नाही.

पुढच्या पोळ्याला गंज भरून मी जाणार, लेकीला नेणार. सोनकी ताक ओतेल. माझा पेला मी पिईन, त्याची मला भीती नाही. पण सोनकीने दुसरा पेला भरून माझ्या लेकीपुढे धरला, तर काय करायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. काकी असती तर विचारही न करता म्हणाली असती, "पोरीले सर्दी हाय."