दुपारचे फोन

घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. चाळिशी उलटली, केसांत पांढऱ्या बटा आल्या, एका मोठ्या कंपनीची ती सुरक्षाप्रमुख झाली, तरी घरी ती धाकटीच. बऱ्याच हॉस्पिटलांचे कॉम्प्युटर तिची कंपनी सांभाळायची. पेशंटच्या फायली, तपासण्यांचे रिपोर्ट, ऑपरेशनच्या वेळा, सगळं त्यांच्याकडे. त्यात बाहेरचं कोणी घुसू नये म्हणून पहारा ठेवायचा, हे धाकटीचं काम. नातेवाइकांना ते कधी समजलं नाही. भेटलं की कोणी ना कोणी मोबाइल पुढे करायचं, "हा फार हळू चालतो गं, बघतेस जरा?" आणि आई शेजारणींना सांगायची, "आमची धाकटी कॉम्प्युटरची रखवालदार आहे." रखवालदार म्हटल्यावर शेजारणी बिचारीकडे जरा कीव करूनच बघायच्या.

कंपनीत ती आली तेव्हा पासवर्ड विसरणाऱ्यांचे फोन घ्यायची. आवाज बारीक, वाक्य अर्ध्यात सोडायची सवय. मीटिंगमध्ये ती काही बोलली तर कोणाच्या कानावर जायचं नाही; तेच थोड्या वेळाने शेजारचा माणूस बोलला की सगळे माना डोलवायचे. मग तिने घरी आरशासमोर उभं राहून आवाज घडवला. खालच्या पट्टीत, सावकाश, वाक्य पुरं करून. त्या आवाजाला लोक थांबू लागले. प्रमुखाची खुर्ची रिकामी झाली आणि एका बाईला मिळाली, तेव्हा त्या खुर्चीवर डोळा ठेवून असलेले उपप्रमुख एवढंच म्हणाले, "बघू."

कंपनीने या गोष्टीचा गाजावाजा केला. या धंद्यात वरच्या जागेवर बायका मोजक्याच, म्हणून तिचं भाषण ठेवलं, त्याची फिल्म काढली आणि सगळ्यांना बघता येईल अशी इंटरनेटवर टाकली. प्रसिद्धीचं बघणारी मुलगी म्हणाली होती, "मॅडम, घरचंही काहीतरी सांगा ना. लोकांना आवडतं." तिने आईचं सांगितलं. आईला आता नीट दिसत नाही, मोबाइल जमत नाही, ती ताईच्या घरी जुन्या फोनशेजारी बसून माझ्या फोनची वाट बघते आणि मी मात्र जगभराची कुलपं तपासत बसते. लोक हसले. तीही हसली. ते हसूही फिल्ममध्ये आलं.

आई थोरल्या बहिणीकडे, ताईकडे, राहायची, दुसऱ्या गावात. थोरली शाळेत शिकवायची, भावजी त्यांच्या दुकानात. दुपारभर आई घरात एकटी. धाकटी रविवारी फोन करायची, आणि तोही एका कानाला लावून दुसरीकडे ऑफिसचे मेल वाचत.

अशाच एका रविवारी आई म्हणाली, "तू सांगितलंस तसा गुडघ्याला शेक दिला हो. बरं वाटतंय."

"मी कधी सांगितलं?"

"अगं, मंगळवारी नाही का?"

"मंगळवारी मी फोनच केला नव्हता, आई."

आई हसली. "बरं बाई. नव्हता केलास."

धाकटीने ते मनावर घेतलं नाही. पुढच्या रविवारी आईने विचारलं, "त्या उपप्रमुखांचा राग गेला का गं? परवा फार वैतागली होतीस." आता मात्र तिने मेल वाचायचं थांबवलं. उपप्रमुखांचं ती आईशी कधीच बोलली नव्हती. की बोललो होतो आणि आपणच विसरलो? तिने थोरलीला फोन लावला. थोरली म्हणाली, "मीही तेच सांगणार होते. हल्ली रोज म्हणते, धाकटीचा फोन आला होता. मी घरी असताना तर एकदाही येत नाही." दोघींच्याही मनात एकच आलं होतं आणि ते तोंडाने म्हणवत नव्हतं.

आईला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. आईने धडाधड उत्तरं दिली आणि बाहेर येऊन जी रडली ती कोणाचं ऐकेना. "मला वेड लागलंय असं वाटतं ना तुम्हाला? रोज फोन करतेस तू. ताईला सांगू नकोस, तिला वाईट वाटेल, हेही तूच म्हणालीस. आणि आता चारचौघांत नाही म्हणतेस?"

धाकटी तिचा हात धरून बसून राहिली. तिला आईची दया येत होती. भीती अजून आली नव्हती.

ती आली नंतरच्या आठवड्यात, सकाळी, ऑफिसमध्ये. पहारा देणाऱ्या टीमची एक तरुण पाळीप्रमुख होती. तिच्या तोंडाला विश्रांती म्हणून नसायची, त्यामुळे सगळे तिला टकळी म्हणत. धाकटीनेच तिला हाताशी धरून शिकवलं होतं. त्या सकाळी टकळी केबिनमध्ये आली आणि काही न बोलता उभी राहिली.

"काय गं? आज मौन का?"

"मॅडम, तुम्ही काल सांगितलात तो मार्ग अजून उघडाच आहे. बंद कधी करायचा?"

"कुठला मार्ग?"

"हॉस्पिटलांकडचा. कुठल्याशा नव्या कंपनीच्या लोकांना आत येऊन तपासणी करायचीय, म्हणालात. दुपारी फोन केला होतात." टकळीचा चेहरा उतरत चालला होता. "स्क्रीनवर तुमचाच नंबर होता. आवाज तुमचा होता. तरी मी खुणेचा शब्द विचारला."

हा नियम धाकटीनेच घातला होता. फोनवरून कोणी तातडीचा हुकूम दिला तर त्या माणसाच्या घरातला, बाहेर कोणालाही माहीत नसलेला एक शब्द विचारायचा. तिचा शब्द होता भोंगा. तान्ही असताना ती असं भोकाड पसरायची, की आई तिला भोंगाच म्हणायची.

"आणि?"

"तुम्ही बरोबर सांगितलात. हसून सांगितलात."

आदल्या दुपारी धाकटी मोठ्या साहेबांसोबत बंद दाराआड बसली होती. मोबाइल बाहेर ठेवलेला.

"कोणी आत आलंय?"

"आलेत, मॅडम. कालपासून आहेत. मला वाटलं, तुमचीच माणसं."

धाकटी धावतच पहाऱ्याच्या खोलीत गेली. भिंतीवरच्या पडद्यांवर सगळं हिरवं, शांत. काहीच बिघडलेलं दिसत नव्हतं, आणि त्याचीच तिला जास्त धास्ती वाटली. "सगळ्या हॉस्पिटलांची जोडणी तोडा," ती म्हणाली.

उपप्रमुख उठून उभे राहिले. "भरदिवसा? हॉस्पिटलं बोंबलतील."

"बोंबलू देत. तोडा."

त्यांनी तोडली. दिवसभर हॉस्पिटलांमध्ये रिपोर्ट हाताने लिहिले गेले, ऑपरेशनं पुढे ढकलली, डॉक्टर मंडळींनी फोनवर शिव्यांची लाखोली वाहिली. कोणाच्या जिवावर बेतलं नाही. पण हजारो पेशंटच्या फायली तोवर बाहेर गेल्या होत्या. कोणाला कोणता आजार, कोणी कोणापासून काय लपवलेलं, सगळं. आणि कोण घेऊन गेलं याचा पत्ता नाही.

संध्याकाळी तिने खुर्चीत बसल्या बसल्या एकच विचार केला. टीमच्या बंद यादीबाहेर भोंगा हा शब्द जगात घरच्या तिघींनाच माहीत होता. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने तिने थोरलीचं घर गाठलं.

"आई, लहानपणी तू मला काय म्हणायचीस, हे कोणाला सांगितलंस का?"

"तुलाच की," आई म्हणाली. "गेल्या आठवड्यात जुनं सगळं विचारत होतीस, तेव्हा नाही का हट्ट धरलास? आई, मला लहानपणी काय म्हणायचीस गं, पुन्हा एकदा म्हण ना. मी म्हटलं, भोंगा! केवढी हसलीस."

थोरली दारात उभी होती. तिने तोंडावर हात ठेवला. धाकटी खाली बसली आणि तिने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. डॉक्टरच्या दारात रडलेल्या या बाईची माफी कोणत्या शब्दांत मागायची, हे तिला सुचेना.

पोलिसांच्या सांगण्यावरून त्या दुपारी फोनला रेकॉर्डर आणि स्पीकर जोडला. थोरलीला रोजच्यासारखं शाळेत पाठवलं. धाकटी आईसमोर खुर्ची ओढून बसली. आईला पढवून ठेवलं होतं, नेहमीसारखं बोल आणि घरात कोणी नाही म्हण.

फोन वाजला. खोलीत आवाज घुमला. "आई, जेवलीस का गं?"

धाकटी फोनकडे वाकली. तिचाच आवाज. आरशासमोर घडवलेला, खालच्या पट्टीतला, वाक्य पुरं करणारा. त्यामागे कोणीतरी बसून बोलत होतं आणि मशीन त्याला तिचा गळा देत होतं, हे तिला कळत होतं. या कामात जन्म गेला होता तिचा. तरी तिने खुर्ची फोनपासून मागे ओढली.

आधी आई अडखळली. पण त्या आवाजाला घाई नव्हती. त्याने गुडघ्याचं विचारलं, खिडकीतल्या कुंडीचं विचारलं, शेजारणीच्या भांडणाचं पुढे काय झालं ते विचारलं, आणि आईचं बोलणं मध्ये न तोडता शेवटपर्यंत ऐकून घेतलं. हळूहळू आईचा चेहरा सैल झाला. समोर कोण बसलंय हे ती विसरून गेली आणि रंगात येऊन सांगू लागली. यातलं कितीतरी धाकटी आज पहिल्यांदा ऐकत होती. कुंडी आहे हेच तिला माहीत नव्हतं.

मग तो आवाज म्हणाला, "घरात कोण आहे गं आई?"

"कोणी नाही. मी एकटीच."

पलीकडे स्पीकरचा घुमारा ऐकू गेला असावा. त्या आवाजाने तितक्याच प्रेमाने विचारलं, "धाकटे, आज ऑफिसला नाही गेलीस?"

आईने घाबरून फोन सोडून दिला. धाकटीने तो उचलून कानाला लावला, तोवर तो बंद झाला होता. पोलिसांनी माग काढला. फोन एका देशातून दुसऱ्या देशात, तिथून तिसऱ्या देशात गेला होता, आणि पुढे सगळाच अंधार. तो नंबर पुन्हा कधी लागला नाही.

कंपनीत बैठक झाली. मोठे साहेब सुटकेच्या सुरात म्हणाले, "मार्ग त्या मुलीने उघडला. तिला काढू, तसं जाहीर करू, विषय संपला."

"तिने नियम पाळला," धाकटी म्हणाली. "नियम माझा होता. आवाज माझा होता. काढायचं तर मला काढा."

"तुम्हाला काढलं तर लोक म्हणतील, पहिलीच बाई आणि वर्षभरही टिकली नाही."

"म्हणू देत. पण तिच्या माथी मारलंत, तर जे घडलं ते मी बाहेर स्वतः सांगेन."

तिथे उपप्रमुखांनी तोंड उघडलं. "माझ्या पाळीत फोन आला असता तर मीही उघडला असता," ते म्हणाले. हे त्यांना का म्हणावंसं वाटलं, कोण जाणे. टकळी राहिली, धाकटीही राहिली. फायली गेलेल्या प्रत्येक पेशंटला खरं काय ते कळवलं गेलं, त्याबद्दल लोकांचे शिव्याशाप आले, दोन हॉस्पिटलं सोडून गेली. यापुढे कोणाचाच हुकूम फोनवरून चालणार नाही, असं ठरलं. टकळी मात्र पूर्वीसारखी बोलायची थांबली ती थांबलीच. फोन वाजला की आधी ती त्याच्याकडे नुसती बघत राहायची.

आईकडचा नंबर बदलला. आता धाकटी दर शनिवारी स्वतः जाते. आई कुंडीचं सांगते, गुडघ्याचं सांगते, पण सांगता सांगता मध्येच थांबते आणि हात पुढे करून तिचा चेहरा चाचपते.

हे सगळं जुनं व्हायला लागलं होतं, तेवढ्यात एका दुपारी तिला फोन आला. वीज कंपनीत तिच्यासारख्याच जागेवर नुकतीच बसलेली एक बाई होती. दोघींची एका सभेत तोंडओळख झालेली. "कालच्या सल्ल्याबद्दल आभार मानायचे होते," ती म्हणाली. "नवीन जागेवर फार एकटं वाटतं हो. तुम्ही आपणहून फोन केलात, इतका वेळ ऐकून घेतलंत."

धाकटीने केबिनचं दार लावून घेतलं. "काय काय सांगितलंत मला?"

"असं काय विचारता? सगळंच की."

"आता एक शब्दही बोलू नका. माझ्याशीसुद्धा. घरातच थांबा, पत्ता लिहून पाठवा, मी येते."

ती पोचली तेव्हा त्या बाईने दाराची साखळी न काढता फटीतून पाहिलं. धाकटी वाटेत होती तोवर तिलाही काहीतरी उमगलं असावं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"खरंच तुम्हीच ना? काहीतरी बोला."

धाकटीने नाही अशी मान हलवली. ती नीट उजेडात सरकली आणि ती बाई साखळी काढेपर्यंत तोंड न उघडता तिथे उभी राहिली.