चव बघणारीचं जेवण

वसतिगृहाच्या भटारखान्यात तिला सगळे ठसका म्हणायचे. तिने फोडणी टाकली की तिसऱ्या मजल्यापर्यंत माणसं खोकायची, आणि तिला उलटून बोलणाऱ्याला तर खोकायचीही उसंत मिळायची नाही. सव्वीस वर्षं ती दोनशे जणांचं रांधत होती. मधुमेह होऊन नऊ वर्षं झाली होती. आता डाव्या पायाच्या अंगठ्याला झालेली जखम दोन महिने भरत नव्हती.

"महिनाभरात साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल," डॉक्टर म्हणाले. "खरं सांगा, चोरून काय खाता?"

चोरून! तणतणत घरी आली ती थेट सुनेवर उखडली. कारण सुनेने आठवडाभर साखरेचा डबा कुलपात ठेवला होता.

"कुलूप कुणासाठी गं? मी काय मांजर आहे?"

"मग साखर वाढते कुठून, आई? हवेतून?"

"घरी बिनसाखरेचा चहा पिते मी. कामावर चार वाजेपर्यंत ताटाला हात लावत नाही. उद्या सुट्टी आहे ना तुला? ये, बस माझ्या उरावर, आणि दाखव कधी खाते ते!"

सून खरंच आली. बटाट्याच्या पोत्यावर बसली, मांडीवर रिकामी वाटी आणि शेजारी सोललेले वाटाणे. सासूच्या तोंडात काही गेलं की एक वाटाणा वाटीत.

चहाचं पहिलं पातेलं उकळलं. ठसकाने साखर बघायला घोटभर घेतला. टप्.

"हे काय खाणं झालं? चव आहे ही!"

"हो का," म्हणत सुनेने पुढचा वाटाणा हातात तयार ठेवला.

चहा पाच वेळा झाला. रस्सा, पुन्हा रस्सा, मीठ घातल्यावर पुन्हा. भात शिजला का म्हणून चिमूट, बटाटा मऊ झाला का म्हणून फोड, गोडाच्या पातेल्यातले तर चार चमचे. दोनच्या सुमाराला वाटी अर्धी भरली. सुनेने ती ओट्यावर उपडी केली.

"आई, हे तुमचं उपाशी राहणं."

ठसकाने त्या हिरव्या ढिगावरून बोट फिरवलं. मग तिचा चेहरा लालबुंद झाला, पण राग सुनेवर नव्हता.

"सव्वीस वर्षं! भाजीत मीठ कमी पडलं की ताट आपटत येतात मेले. एकाने तरी विचारलं, बाई, तू कधी जेवतेस?"

तिने ताट घेतलं. अर्धं ताट भाजी, वाटीभर डाळ, दोन डाव भात. तिने तिसरा डाव उचलला, सुनेकडे बघितलं आणि तो रागानेच पातेल्यात परत आपटला. मग स्टूल ओढून बसली.

मॅनेजर धावत आला. "अहो, जेवणाऱ्यांची दुसरी पाळी खोळंबलीय!"

"खोळंबू दे. अंगठा माझा जायचाय, त्यांचा नाही."

"आणि रश्शाची चव कोण बघणार?"

"तुम्ही. आजपासून रोज. आणि मी रोज साडेबाराला जेवणार, बसून."

मॅनेजरने भीत भीत पळी तोंडाला लावली. "मीठ... जरा कमी वाटतंय."

"मग घाला की! आता जीभ तुमची," ती म्हणाली आणि पहिला घास सावकाश चावू लागली.