भिंतरावांची हाक

आमच्या शेजारी भिंतराव राहतात. गोलकीपर होते तेव्हा अख्खं मैदान त्यांना भिंत म्हणायचं. राव आम्ही जोडलं, मान म्हणून. आता त्यांची बोटं इतकी वाकडी झालीत, की बरणीचं झाकण उघडायलाही मलाच बोलावतात. कारखान्याच्या संघातून मोठ्या क्लबात गेले, नाक फोडून घेतलं, गुडघ्यात स्क्रू बसवून घेतले. निवृत्त झाल्यावर क्लबने घड्याळ दिलं, ते घरी येईपर्यंत बंद पडलं. हे सगळं वहिनींना तोंडपाठ. पण त्यांचा लाडका किस्सा अंतिम सामन्याचा, लग्नाआधीचा.

परवा त्यांचं वॉशिंग मशीन बिघडलं. मेकॅनिक मी आणला, आणि मुद्दामच हा आणला. हाही पूर्वी फुटबॉल खेळायचा असं कानावर होतं. म्हटलं, दोघांची जुंपली तर आपली करमणूक. भिंतरावांनी दार उघडलं आणि त्यांचा रंगच उडाला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग दोघंही मशीनकडे बघायला लागले. जुंपण्याचं नाव नाही.

वहिनींनी चहा ठेवला आणि सुरू झाल्या. "भाऊजी, शेवटी शेवटी अगदी साधा बॉल आला हो! गोलपुढे बचावाला असलेल्या त्या बॅकने नुसता पाय लावला असता तरी बाहेर गेला असता. पण तो मठ्ठ आपला बघत उभा, आणि झाला गोल!"

"बैल बरा," मी तेल ओतलं, "निदान शेपटी तरी हलवतो."

मशीनच्या मागे स्क्रू पडल्याचा आवाज झाला.

"अगं, पुरे," भिंतराव म्हणाले.

"पुरे काय? क्लबने काढला त्याला, बरंच झालं!"

"वहिनी, जरा नळ बंद करता?" मेकॅनिक मागूनच म्हणाला.

नळ भिंतरावांनी बंद केला आणि आमच्याकडे पाठ करून तिथेच उभे राहिले. "मी ओरडलो होतो. 'माझा!' म्हणून. कीपर तसा ओरडला की बॅकने बॉल सोडायचाच असतो. ओरडलो, आणि पुढे यायला माझेच पाय उचलेनात. गोंगाटात कुणाला ऐकू गेलं नाही. विचारलं तेव्हा म्हणालो, ह्यानेच सोडला."

"ह्यानेच?" वहिनी मशीनकडे बघायला लागल्या. माझा बैल माझ्याच घशात अडकला.

मेकॅनिक हात पुसत बाहेर आला. "मला ऐकू गेलं होतं, भाऊ. म्हणूनच सोडला."

"मग बोलला का नाहीस?"

"माझं कोणी खरं मानलं असतं? हाक तुमची होती, तुम्हीच सांगायची. मी बरेच दिवस वाट बघितली." मग तो वहिनींकडे वळला. "पट्टा तुटलाय. नवा बसवतो."

वहिनींनी पहिला कप त्याच्यापुढे ठेवला. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

भिंतराव गुडघा धरत खाली बसले आणि टॉर्च हातात घेतला. "क्लबात जाऊन सांगतो मी. उद्याच."

"तिथे आता आपल्याला ओळखतंय कोण?" मेकॅनिक पट्टा बसवत म्हणाला.

उजेड मशीनवरून सारखा घसरत होता.

"सरळ धरा, भाऊ," मेकॅनिक म्हणाला. "मला दिसत नाहीये."