सात किलोचा चेंडू आणि न हलवायची बरणी

अगरबत्तीच्या स्टँडला तीन भोकं असावीत आणि त्याचं वजन सात किलो असावं, यात मला काहीच वावगं वाटलं नाही. अमेरिकेत सगळंच मोठं असतं म्हणे. माझा साळा राजू आदल्या संध्याकाळी तिथूनच आला होता. सकाळी आंघोळ करून बघतो तर टेबलावर हा निळा-काळा, चकचकीत गोळा! मी तो दोन्ही हातांनी उचलून देवघरात नेला आणि तीन भोकांत तीन अगरबत्त्या खोचल्या. तासाभराने राजू उठला, देवापुढे हात जोडायला आला आणि तसाच उभा राहिला.

"भाऊजी," तो हळूच म्हणाला, "याच्यावर मी क्लबातली ट्रॉफी जिंकलो."

तर ते स्टँड नव्हतं, बोलिंगचा चेंडू होता. तिकडे म्हणे लाकडी गुळगुळीत पट्ट्यावरून हा सोडतात आणि पलीकडच्या दहा बाटल्या पाडतात. (आमच्या मुर्री गावात बाटल्या पाडायला एवढा खर्च करत नाहीत.) हा तर त्यातलाही 'स्ट्राँग' चेंडू. त्याच्या पोटात एक वेडावाकडा गड्डा असतो, म्हणून तो आधी सरळ जातो आणि शेवटी गर्रकन वळतो. पण कोणाच्या हातून सुटला यावर सगळं अवलंबून, असं राजू राख झटकत सांगत होता. फिरवून टाकणाऱ्याचा खूप वळतो, हळू टाकणाऱ्याचा लवकर वळतो, आणि नुसता जोर लावणाऱ्याचा अजिबात वळत नाही.

शेवटचं वाक्य बोलताना त्याने माझ्याकडे बघायला नको होतं.

खेळायचं ठरलं. आमची सपरी, म्हणजे घराची ओसरी, चांगली तीस फूट लांब, नवी फरशी बसवलेली. अडचण एकच होती, टोकाच्या कोपऱ्यात लोणच्याची बरणी होती. ही साधी बरणी नव्हती. माझ्या सासूबाईंच्या हातचं लोणचं त्यांच्याबरोबर गेलं. ती चव फक्त सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, जमते. राजूने पाच वर्षांत ती चाखली नव्हती. म्हणून तो येण्याच्या आधीच तिने कैऱ्या फोडून, मसाला भरून, फडकं बांधून बरणी ठेवली होती. आमच्याकडची रीत अशी की लोणचं मुरेपर्यंत एकवीस दिवस बरणी हलवायची नाही. तो अठरावा दिवस होता. बाविसाव्या दिवशी राजूची गाडी.

"बरणी उचलून ठेवू का?" मी विचारलं.

"हात लावून तं पाहा," माझी माय खाटेवरून म्हणाली.

मग बरणीसमोर धानाचं एक पोतं आडवं टाकलं आणि त्याच्यापुढे वाळू भरलेल्या दहा प्लॅस्टिकच्या बाटल्या मांडल्या.

पहिला राजू. चार पावलं, एक झोकदार वाक, मनगटाला पीळ. चेंडू चार फूट सरळ गेला, मग त्याला काय आठवलं कोण जाणे, असा वळला की सपरीवरून खाली उतरून कोंबड्यांत शिरला. कोंबड्या लिंबाच्या झाडावर. "फरशी कोरडी आहे," राजू म्हणाला. "स्ट्राँग चेंडू कोरड्यावर लवकर चावतो."

दुसरा मी. तरुणपणी मी जवळच्या गोरेगावात क्रिकेट खेळलो आहे. (दोन सामने. एकात पाऊस आला.) सगळा जोर लावून सोडला. मालगाडीसारखा सरळ गेला, कडेची एक बाटली पाडली आणि पोत्यात घुसला. अंगठा भोकातून निघताना 'फट्' असा आवाज झाला, आणि थोड्याच वेळात तो छोट्या वांग्याएवढा झाला.

"मी टाकून पाहू का?" माय म्हणाली. ती खाटेवरून उतरली, खाली बसली आणि जात्याचा खुंटा ढकलावा तसा दोन्ही हातांनी चेंडू ढकलला. तो इतका हळू निघाला की सुनंदा आत जाऊन चहाला आधण ठेवून आली. मधेच तो डावीकडे कलला, विचारात पडल्यासारखा झाला, आणि बाटल्यांच्या अगदी मधोमध शिरला. सात पडल्या.

मायचं वय तेव्हा बहात्तर. चहा होईपर्यंत ही बातमी शेजारच्या तीन घरांत गेली होती.

आता मला राहवेना. जेवताना मी राजूला सहज विचारल्यासारखं विचारलं, मग तुमच्याकडे तो पट्टा कोरडा नसतो का? नाही, म्हणाला, पुढच्या भागाला तेल लावतात. तेलावर चेंडू घसरतो, शेवटच्या कोरड्या भागात पकडतो आणि वळतो. तेल जास्त झालं तर वळतच नाही.

यातला पहिला अर्धा भाग मी लक्ष देऊन ऐकला.

दुपारी सगळे लवंडले. मी स्वयंपाकघरातून जवसाच्या तेलाचा डबा काढला, तेलघाणीवरून वर्षभरासाठी आणलेला, आणि सपरी सारवली. पुढचाच भाग कशाला? मी पार पोत्यापर्यंत सारवली. कंजूसपणा माझ्या स्वभावात नाही. (इथे सांगायला हवं की मी शाळेत विज्ञान शिकवतो. घर्षणाचा धडा माझा हातखंडा समजला जातो.)

चार वाजता मी सर्वांना बोलावलं. सुनंदाने दारातून बघितलं. "सपरी काऊन चमकून राहिली जी?"

उत्तर द्यायला मी थांबलो नाही. सुजलेला अंगठा भोकात दाबला, मागच्या खोलीपासून धाव घेतली आणि तेलावर पहिलं पाऊल टाकलं. माझ्या मते तेच शेवटचंही पाऊल होतं. त्यानंतर पाय वर होते. अंगठा आत गेला होता तो बाहेर यायला तयार नव्हता, त्यामुळे पुढे चेंडू आणि मागे मी, अशी आमची वरात निघाली. वळण वगैरे काही नाही. दहाच्या दहा बाटल्या पडल्या. मग पोतं सरकलं, पोत्याने बरणीला धक्का दिला, आणि बरणी डुलली. एकदा इकडे. एकदा तिकडे. मग उभी राहिली.

माझा अंगठा सुटला की नाही, हे कोणी विचारलं नाही.

माय येऊन बरणीजवळ वाकली आणि तिने निकाल दिला, "हलली. आता पहिल्यापासून एकवीस मोजा."

सुनंदाचे डोळे भरले. चार दिवसांनी राजू जाणार, आणि बरणी इथेच राहणार.

शेवटी राजूच म्हणाला, "माय, विमानात तं बरणी हलनारच ना?"

एवढा विचार रीत पाडणाऱ्यांनी केला नव्हता. माय परत खाटेवर जाऊन बसली. मग म्हणाली, "विमानात हलली तं थे देवाच्या मर्जीनं. इथं हलली थे याच्या अकलेनं. घेऊन जाय."

पण न्यायची कशात? जाड गादीची, बरणीच्या मापाची अशी एकच पिशवी घरात होती, ती म्हणजे चेंडूची. राजूने पिशवीकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि चेंडू बाहेर काढून ठेवला. बाविसाव्या दिवशी ट्रॉफी जिंकणाऱ्या पिशवीत बसून लोणचं अमेरिकेला गेलं. चेंडू आमच्या देवघरात आहे. तीन अगरबत्त्या छान बसतात.

माझी कंबर मात्र पंधरा दिवस धरलेली होती. सुनंदा उरलेलं जवसाचं तेल गरम करून चोळायला बसली. मग म्हणाली, "राजू सांगे, तेल जास्त झालं का वळत नाही म्हणून."

"हो, म्हणाला होता."

"तरीच तुमाले कळते पण वळत नाही. लग्नापासून रोज तुमचं डोस्कं तेलानं चोपडून राहिली मी." तिने डब्याचं झाकण लावलं. "उद्यापासून कोरडंच ठेवीन."