सासूबाईंनी कापलेला पट्टा

मागच्या दिवाळीच्या सुमारास भातकापणी चालू होती, तेव्हा मी बांधावरून घसरले आणि गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं, टाके सुकले, पण मांडी पार वाळून गेली. एकदा सासूबाईंनी ती दोन्ही हातांत धरली, तर त्यांची बोटं बोटांना टेकली. बैल घेताना त्याची मांडी चाचपून बघणारी बाई ती, हा पाय चिखलात चालायचा नाही हे मला न सांगताच कळलं.

आमच्या वराळ्यात आता खाचराच्या तिन्ही बाजूंना इमारती आहेत. मजूर मिळत नाहीत, सगळे कंपनीत. आवणी, म्हणजे भातरोपांची लावणी, होते ती इर्जिकीवर. आज मी शेजारणींच्या खाचरात, उद्या त्या माझ्या. मीच कुणाकडे उतरले नाही, तर माझ्याकडे कोण उतरणार? म्हणजे खाचर पडीक. पहिली मूठ मात्र दरसाल सासूबाईच लावायच्या. त्यांचे गुडघे गेल्यावरही आम्ही दोघीतिघी त्यांना धरून चिखलात उतरवायचो.

तळेगावच्या फिजिओथेरपीवाल्या मुलीने चैत्रात मांडीला बांधायचा पट्टा दिला. त्यात पंपाने हवा भरायची आणि काट्यावर तिने ठरवून दिलेला आकडा आला की थांबायचं. रक्त थोडं अडतं, मग हलक्या वजनालाही मांडीला वाटतं की आपण पोतं उचलतोय, असं तिने समजावलं. पाय तीस वेळा उचलायचा, जरा दम खाऊन पंधरा, पुन्हा पंधरा, पुन्हा पंधरा. ऐकायला पोरखेळ, पण विसाव्यालाच मांडीत मिरच्या वाटल्यागत आग व्हायची. ज्येष्ठात टेप लावून बघू, मांडी भरली नसेल तर यंदा चिखल नाही, हेही तिने स्पष्ट सांगितलं होतं.

एका सकाळी मी ओटीवर डोळे मिटून, दात खाऊन मोजत होते. सासूबाई गवत घेऊन आल्या. त्यांना काय दिसलं, तर सून लालबुंद, कण्हतेय आणि मांडी आवळून बांधलेली. त्यांना वाटलं, सापच चावला. दवाखान्यातल्या ताईंनी गावातल्या बायकांना बजावून ठेवलं होतं की साप चावला तर बांधायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. यांनी ते अगदी मनावर घेतलेलं. मी डोळे उघडेपर्यंत विळ्याने पट्टा कापलासुद्धा, आणि वर माझ्या नवऱ्याला गाडी काढायला ओरडल्या.

माझं डोकंच फिरलं. आत्या, साप नाही काही नाही, माझा पाय घडवायचं औजार तोडलंत तुम्ही, असं मी त्यांना तोंडावर बोलले. त्याही गप्प बसणाऱ्यातल्या नाहीत. आधी सांगाया काय झालं होतं, म्हणाल्या, आणि दिवसभर त्याच फुगून बसल्या. चोर तो चोर वर शिरजोर! संध्याकाळी मात्र माझ्या पानात त्यांनी न मागता तुपाची धार धरली. मग मलाच बोलल्याचं वाईट वाटलं.

फिजिओवाली पोटभर हसली. दुसरा पट्टा देताना म्हणाली, सासूबाईंनाच जवळ बसवा. तेव्हापासून मोजायचं काम त्यांच्याकडे गेलं. त्या लबाडी करायच्या, पंचवीस झाले की पुन्हा वीसवर यायच्या. मी चिडायचे, त्या पदराआड हसायच्या. खरं सांगते, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही दोघी रोज अर्धा तास कधी अशा बसलो नव्हतो. मला ते फार आवडायला लागलं.

ज्येष्ठात टेप लागला. अर्धा दिवस उतरा, दुखलं तर लगेच बाहेर या, अशी परवानगी मिळाली. आषाढात आवणी लागली, तेव्हा चार दिवस मी शेजारणींच्या खाचरात जाऊन आले. मागे सरताना चिखलातून पाय उपसावा लागतो, खरी परीक्षा तिथे. पाय निघत होता.

पाचव्या दिवशी आमची आवणी. बायका जमल्या. मी साडी खोचली आणि सासूबाईंना धरायला हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला आणि वाकून माझ्या मांडीला दोन्ही हातांचा वेढा घातला. बोटांमध्ये चांगलं दोन बोटांचं अंतर राहिलं.

"आता माझं हात पुरत न्हाईत," त्या म्हणाल्या. "जा, लाव."

आणि रोपांची पहिली मूठ माझ्या हातात देऊन त्या बांधावर बसल्या.