शिंप्याची वही आणि बायकोची कमर

आमचा शिंपी मोजून कापायचा आणि मोजूनच बोलायचा. पस्तीस वर्षांची गिऱ्हाइकं त्याच्या वहीत. बायकोचंही माप होतं, लग्नाच्या साली घेतलेलं. कमर अठ्ठावीस.

साठी उलटली आणि एका सकाळी चहा घेऊन आलेल्या बायकोला त्याने विचारलं, "बाई, तुम्ही कोण?"

"तुमची सासू," ती म्हणाली. तिला वाटलं, गडी चेष्टेत आलाय.

त्याने टेप लावला. अडतीस भरली. वही पुढे केली. "ही अठ्ठावीस. माझी बायको कुठे ठेवलीत?"

तेव्हापासून तो तिला अहोजाहो करायला लागला आणि ताटातला घास हुंगून खायला लागला.

त्याचा धाकटा भाऊ आला. "वहिनी, दादा कामातून गेला. वेड्यांच्या इस्पितळात जागा आहे. सोमवारी नेऊ."

"सोमवारी तीन पँटी द्यायच्यात," ती म्हणाली आणि नवऱ्याने आखून ठेवलेलं कापड घेऊन बसली.

खडूची रेघ सरळ जायची, मध्येच मांजराने पंजा मारल्यागत फटकन बाहेर, परत सरळ. तिन्ही पँटींवर तेच. मग दिवसभर ती नवऱ्याकडे बघत राहिली. उजवा हात झटका खायचा, त्याच दमात उजवा गाल ओढला जायचा, पापणी लवायच्या आत सगळं जागच्या जागी. दर झटक्याला तिने टाचण्यांच्या उशीत एक टाचणी खोचली. दिवेलागणीपर्यंत एक्केचाळीस झाल्या.

सोमवारी भाऊ गाडी घेऊन आला. ती कापड काखेत मारून नवऱ्याशेजारी बसली आणि गाडी मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे वळवायला लावली.

"वेडा माणूस तोंडाने काहीही बरळेल," ती त्यांना म्हणाली, "पण पस्तीस वर्षांचा हात कसा बरळेल?"

बाईंनी रेघ पाहिली, रक्त पाहिलं, पाठीच्या कण्यातलं पाणी काढून पाहिलं. "रोगाशी लढणारी अंगातली फौज यांच्याच मेंदूवर उलटलीय. आत सूज आहे. हा संशयही त्या सुजेचाच."

"म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं," भाऊ म्हणाला. इस्पितळातली जागा त्याने सोडून दिली.

औषध आधी शिरेतून, मग गोळ्या. झटके लवकर थांबले. संशय मात्र चिवट पाहुण्यासारखा. उठतो उठतो म्हणायचा आणि बसून राहायचा.

तिसऱ्या महिन्यात शिंपी दुकानात गेला. वही उघडली, टेप गळ्यात घातला. "बाई, उभ्या राहा."

ती उभी राहिली. श्वास धरला की माप खोटं येतं हे तिला ठाऊक होतं. तरी धरला.

चौतीस. वहीत अठ्ठावीस. माप याही खेपेला जुळलं नाही.

त्याने वहीकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ.

"अगं, केवढी वाळलीस!"

"मग वहीत आता चौतीस लिहा," ती म्हणाली आणि काजं करायला बसली.